त्या मोटारी गिऱ्हाइकांच्या नाहीत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातला लक्ष्मी रस्ता मोटारींना बंद केला तर धंदा बुडेल, हे व्यापारी प्रतिनिधींचे म्हणणे कालच्या अंकात वाचले. याच रस्त्यावर वडिलांच्या काळापासून आमचे कापडाचे दुकान आहे. निदान माझ्या वतीने तरी कुणी असे बोलू नये.

सकाळी दुकानांसमोर लागलेल्या मोटारी रात्री शटर ओढल्यावरच हलतात. त्या आम्हा मालकांच्या आणि आमच्या मुलांच्या आहेत. गेल्या दिवाळीआधी सदाशिव पेठेतल्या एक आजी आल्या. त्यांच्या लग्नाचा बस्ताही आमच्याकडेच बांधलेला. दोन मोटारींच्या फटीतून त्यांचा वॉकर निघेना. मी धावत खाली उतरलो, तोवर मागून हॉर्नचा गदारोळ सुरू झाला. घाबरून त्या तशाच रिक्षात बसून परत गेल्या. आता त्यांची सून सगळे ऑनलाइन मागवते. धंदा बुडतो तो असा, आणि त्याबद्दल आमची संघटना कधी निवेदन देत नाही.

बस्त्याला येणारी कुटुंबे मोटारीने येतात, हे खरे. त्यांनी मंडईच्या वाहनतळावर गाडी लावावी, गठ्ठे आमची पोरे पोचवतील. मालाचा टेम्पो पहाटे रिकामा होऊ शकतो. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रोही मंडईपर्यंत आली आहे.

धुराचे म्हणाल, तर दर्शनी काचेतला पांढरा कपडा आठवड्यात काळवंडतो. दारात दिवसभर उभ्या असणाऱ्या सेल्समनच्या छातीत काय जात असेल? मात्र ११ डिसेंबरच्या पादचारी दिनासारखा एक दिवस नगरकर तालीम ते गरुड गणपती चौक बंद ठेवून भागणार नाही. त्या दिवशी तोच धूर शेजारच्या गल्ल्यांत जातो आणि तिथले रहिवासी वैतागतात. मोटारी मुळात कमी यायला हव्यात. स्टॉकहोमने २००६ साली शहराच्या मध्यभागात शिरणाऱ्या मोटारींवर प्रायोगिक शुल्क लावले, तेव्हा वाहने सुमारे पाचव्या हिश्श्याने घटली. पुढे शहरातील मतदारांनीच ते कायम ठेवण्याचा कौल दिला. आपल्याकडे महापालिकेच्या मुख्य सभेने २०१८ मध्ये मंजूर केलेले, रस्त्यावर गाडी लावण्याचे पैसे घेण्याचे पार्किंग धोरण वर्षानुवर्षे कागदावर राहिले. त्याची सुरुवात आम्हा दुकानदारांच्या गाड्यांपासून करा. दिवसभराचे पैसे भरावे लागले की निम्मे मालक उद्यापासून स्कूटरवर येतील.

आणखी एक. तासन्‌तास खरेदी करणाऱ्या बायका आमच्या दुकानात येऊन संकोचाने स्वच्छतागृह विचारतात. रस्ता नव्याने आखायचाच असेल, तर दर चौकात बायकांसाठी एक स्वच्छतागृह आधी बांधा.

आपला,
एक कापड दुकानदार, लक्ष्मी रस्ता, पुणे