सूचना : जुन्या पुस्तकांचे स्कॅनिंग

येत्या रविवारी सकाळी ७ वाजता वाचनालयात स्कॅनिंग सुरू होईल. दुपारचे ऊन आणि भारनियमन, दोन्ही नकोत. कूलर बंदच राहील. ओलाव्याने पाने फुगतात, काचेखाली सपाट बसत नाहीत.

घरची पुस्तके आणण्याआधी लेखकाचे मृत्युवर्ष पाहा. निधनानंतरची ६० वर्षे उलटून स्वामित्वहक्क संपलेलीच पुस्तके घेऊ. अनुवाद असेल तर अनुवादकाचेही वर्ष लागेल. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, त्याचा चिकटा पिवळा पडून कागदात मुरतो. सुटी पाने तशीच कापडात बांधून आणा. कसर लागलेले पुस्तक वेगळ्या पिशवीत.

पुस्तक पूर्ण उताणे करायचे नाही, शिवण तुटते. स्कॅन ४०० डीपीआयवर (इंचाला ४०० ठिपके), रंगीत, मूळ प्रत टिफमध्ये (चित्राचा दर्जा न घटवता साठवणारा फाइलप्रकार). कागद पांढराशुभ्र करून देणारे मोबाइल अ‍ॅप नको. फिकट छपाईतले अनुस्वार त्यात उडतात. दर २० पानांनी पृष्ठक्रमांक ताडा, दोन पाने एकदम उलटली जातातच. आणि हो, १९६२ पूर्वीच्या पुस्तकांतले जादा अनुस्वार म्हणजे छपाईच्या चुका नव्हेत, ते जुन्या शुद्धलेखनाप्रमाणे आहेत. मजकूर तपासताना ते पुसू नका.

फायली दोन हार्ड डिस्कवर, दोन वेगळ्या घरी राहतील.