चिऊ, जपाचा आकडा चुकला म्हणून रडू नकोस

प्रिय चिऊ,

काल रात्री तू फोन ठेवलास आणि मला काही झोप लागली नाही, म्हणून सकाळी उठून हे टाइप करत बसलेय. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, मध्येच "हो गं आई, हो गं" करतेस, म्हणून लिहूनच पाठवते. ऑफिसमध्ये घाईघाईत वाचू नकोस, घरी गेल्यावर शांतपणे वाच.

तू म्हणालीस की टूरवर गेलीस तेव्हा तीन दिवस जप झाला नाही म्हणून सगळं पुन्हा एकपासून मोजायला घेतलंस आणि आता ॲप उघडून तो आकडा बघितला की छातीत धडधडतं. चौदा हजार झाले होते तुझे आणि ते सोडून दिलेस. अगं राणी, असं कोण करतं. शनीची भीती कमी व्हावी म्हणून जप धरलास ना तू, आणि आता त्या जपाचीच भीती बसली. यात माझाही दोष आहे, तो मी मान्य करते, कारण २९ मार्च २०२५ ला शनी मीन राशीत गेला त्या दिवशी मीच तुला फोन करून सांगितलं होतं की मेषेला साडेसाती लागली, आता जपून राहा. आईच्याच तोंडून असं ऐकल्यावर पोरीच्या मनात घर करून बसणारच ते. त्यानंतर तुझ्या टीममधली माणसं कमी झाली, ते ठरत आलेलं स्थळ मोडलं, आणि तू सगळ्याचा हिशोब शनीच्या खात्यावर मांडायला लागलीस.

तर आधी साडेसाती म्हणजे काय ते नीट समजून घे, तेव्हा मी अर्धवटच सांगितलं होतं. शनीला बारा राशींतून एक फेरी पूर्ण करायला साधारण साडेएकोणतीस वर्षं लागतात, म्हणजे एका राशीत अडीच वर्षं. तो आपल्या चंद्रराशीच्या मागच्या राशीत, मग आपल्या राशीत, मग पुढच्या राशीत असे तीन अडीच मिळून साडेसात. म्हणजे कुठल्याही दिवशी बघ, बारातल्या तीन राशींना साडेसाती चालूच असते. आत्ता कुंभ, मीन आणि मेष. साधारण दर चार माणसांत एक. तुमच्या ऑफिसातल्या किती जणांना असेल बघ, आणि त्यातलीच कोणी प्रमोशन घेतायत, कोणाच्या घरी पाळणा हलतोय. तुझी २०३२ पर्यंत आहे, म्हणजे इतकी वर्षं तू रोज धडधडत काढणार आहेस का?

माझी वृश्चिक रास. माझी साडेसाती २०११ च्या नोव्हेंबरमध्ये लागली ती शनी वक्री होऊन मागेपुढे करत २०२० च्या जानेवारीत सुटली, आठ वर्षं धर ना. त्यात २०१३ ला बाबांचं वर्कशॉप बंद पडलं, आजी गेली, हे तुला माहितीच आहे. पण त्याच साडेसातीत तू बारावी झालीस, इंजिनीअरिंगला लागलीस, आपण भाड्याच्या घरातून या घरात आलो. वर्कशॉपचं मी शनीवर घातलं आणि घराचं मात्र बाबांच्या कष्टांवर. तुझं बघताना माझ्या लक्षात आलं की मी किती वर्षं असा एकतर्फी हिशोब धरून बसले होते.

आता एक गोष्ट जी मी तुला कधीच सांगितली नाही, बाबांना माहितीये फक्त. वर्कशॉप बंद पडल्यावर मी एकांकडे पत्रिका घेऊन गेले होते. त्यांनी सांगितलं की शनीचा जप तेवीस हजार, पण कलियुगात चौपट करावा लागतो म्हणून ब्याण्णव हजार, आणि तो आम्ही करून देतो, एकावन्न हजार रुपये. चौपटीचं त्यांनी मनाने नव्हतं सांगितलं, परंपरेत तसं धरतात. मी पाटल्या मोडल्या गं. महिनाभराने नारळ आणि अंगारा हातात आला, जपाचा एक शब्द माझ्या कानावर पडला नाही. आणि सहा महिन्यांनी तेच म्हणाले आता राहूचं करावं लागेल, अठरा हजार गुणिले चार. तेव्हा मी उठून आले. गुरुजींकडून जप करवून घेणं चूक आहे असं मी म्हणत नाही हं, यजमानाच्या नावाने संकल्प करून जप करायची जुनी रीत आहे आणि मन लावून बसणारे गुरुजी मी पाहिलेत. पण मी तेव्हा जप करवून घेत नव्हते, घाबरून पैसे मोजत होते. तुला कोणी ऑनलाइन अनुष्ठानाचं सांगत असेल, किंवा नीलम घाल म्हणत असेल, तर एक रुपया द्यायच्या आधी मला फोन कर, रात्री दोनला कर हवा तर.

आजीला ते पाटल्यांचं कळलं तेव्हा ती रागावली नाही, एवढंच म्हणाली, "दुसऱ्याच्या तोंडून कशाला, तूच बस ना." मग मी बसायला लागले. संध्याकाळी दिवा लावल्यावर एक माळ, ॐ शं शनैश्चराय नमः, जेमतेम पाच-सहा मिनिटं लागतात. शनैश्चर म्हणजे हळू हळू चालणारा. एवढंच नाव आहे त्याचं, त्यात क्रूर वगैरे काही नाही. आणि तो हळू चालतो म्हटल्यावर आपण जप करताना धावायचं कशाला? तू पाच माळा एका सपाट्यात उरकतेस असं तूच म्हणालीस. त्यापेक्षा एक कर, पण शब्द स्वतःच्या कानाला ऐकू येईल असा.

आपल्या गल्लीतले ते रिटायर झालेले संस्कृतचे सर आठवतात? त्यांनी एकदा मला जे सांगितलं ते ऐकून मी थक्क झाले होते. शनीसाठी वैदिक मंत्र म्हणतात ना, शं नो देवीरभिष्टय, तो ऋग्वेदात दहाव्या मंडलात नवव्या सूक्तात आहे आणि तो शनीचा नाहीच, पाण्याचा आहे! आपोदेवी म्हणजे जलदेवता आम्हाला सुखकर होवोत, प्यायला मिळोत, आमच्यावर कल्याणाचा वर्षाव करोत, असा अर्थ. त्यातला तो शं शब्द, शं म्हणजे कल्याण, सुख, आणि शनीच्या नावातला श, असं ते जुळलं असणार. बुधाचंही तसंच, उद्बुध्यस्व हा मंत्र अग्नीला उद्देशून आहे, त्यात जागा हो असं म्हटलंय, आणि तिथे बुध् ऐकू येतं. केतूचा आणि राहूचा मंत्र मुळात इंद्राचा. सरांनी हे खोटं पाडायला नव्हतं सांगितलं, ते स्वतः रोज म्हणतात. पण मला त्या दिवसापासून फार हलकं वाटायला लागलं. म्हणजे इतकी वर्षं लोक शनीपुढे बसून जे म्हणत आलेत त्यात दया करा, सोडा मला, असं गयावया करणं नाहीच, पाणी मिळो, बरं होवो एवढंच मागणं आहे. कोणी चिडलंय आणि त्याला शांत करायचंय, हे आपण मागून चिकटवलंय.

तसंच मृत्युंजयाचं. आजी हॉस्पिटलमध्ये होती तेव्हा मी बाहेरच्या बाकड्यावर बसून त्र्यंबकं यजामहे म्हणत होते, आजी वाचावी म्हणूनच म्हणत होते, खोटं का सांगू. आजी गेली. त्यानंतर बरेच दिवस मी तो मंत्र म्हटला नाही, रागच आला होता. मग सरांनीच अर्थ सांगितला. उर्वारुक म्हणजे काकडी, पिकलेली काकडी जशी देठातून आपोआप सुटते तसा मला मृत्यूच्या बंधनातून सोडव, अमृतापासून नको. ओढून तोडणं नाही, सुटणं. आजी ज्या पहाटे गेली ती अगदी तशीच गेली चिऊ, हातात हात होता माझा आणि मला कळलंसुद्धा नाही नेमकं कधी. मी मागितलं होतं ते मिळालं नाही असं समजून मी रुसले होते आणि मंत्रात जे मागितलेलं होतं ते तर झालं होतं. आता मी तो रोज म्हणते.

हे मी तुला का सांगतेय तर तुझा प्रश्न होता की एवढं करूनही काहीच का होत नाही. जपाने शनी मीनेतून लवकर निघणार नाही, २०२७ च्या जूनमध्येच तो मेषेत येईल, आणि गेलेली माणसं टीममध्ये परत येणार नाहीत. मला जपाने काय झालं ते सांगते. बाबा संध्याकाळी घरात येरझाऱ्या घालायचे तेव्हा मी त्यांच्यावर खेकसायचे, ते थांबलं. कर्जाचा कागद हातात घेऊन वाचता यायला लागला. तुझ्यासारख्या इंजिनीअरला पटेल असंही एक आहे, २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, मंत्र किंवा ख्रिश्चनांची जपमाळ म्हणताना माणसाचा श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय त्याच्याशी जुळते असं त्यात दिसलं. पण घाईत म्हटलंस तर श्वास संथ कसा होणार, तू तर धापा टाकत मोजतेस.

आणि ते बाकीचे तुझे प्रश्न. पाळी असताना जप करावा का, तर नामजप कर, वारकऱ्यांनी नामाला काळवेळ ठेवलीच नाही आणि आजीनेही मला कधी अडवलं नाही. उच्चार चुकला तर काय, तर वेदमंत्र स्वरात असतात, ते शिकूनच म्हणावेत, आणि बीजमंत्र, म्हणजे ते प्रां प्रीं प्रौं अशा अक्षरांचे, कोणाकडून घेतल्याशिवाय व्हिडिओ बघून सुरू करू नकोस असं माझं मत आहे. साध्या नाममंत्राला हे काही लागत नाही. ट्रेनमध्ये मनातल्या मनात चालतो का? अगं मनुस्मृतीत तर यज्ञाच्या विधीपेक्षा पुटपुटत केलेला जप शंभरपट आणि मनातला हजारपट म्हटलाय. आणि दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी पुढून सुरू कर. ते चौदा हजार कुठेही गेलेले नाहीत. जीव लावून केलेलं ते असं वाया कसं जाईल?

एक मात्र तुला ऐकावंच लागेल. दोन महिने तुला झोप नाही, जेवण उतरत नाही, हे शनीचं म्हणून सोडायचं नाही. या आठवड्यात डॉक्टरकडे जा, गोळ्या दिल्या तर घे. जप आणि गोळी एकमेकांच्या आड येत नाहीत. अपॉइंटमेंट घेतलीस की मला मेसेज टाक, नाहीतर मी बाबांना घेऊन तिकडे येते.

ते काउंटरचं ॲप काढून टाक. मी कुरिअरने आजीची तुळशीची माळ पाठवतेय, शनीला रुद्राक्षाची हवी वगैरे कोणी म्हटलं तर म्हणू दे. काल रात्री झोप येत नव्हती तेव्हा ती काढली आणि सहज मणी मोजले तर एकशे आठाऐवजी एकशे सातच भरले, दोनदा मोजले, मेरुमणी म्हणजे टोकाचा मोठा मणी सोडून एकशे सात. कधी पडला कोण जाणे, गाठ तर जुनीच दिसते, म्हणजे आजी कित्येक वर्षं त्याच माळेवर जप करत होती. बाबा म्हणाले सोनाराशेजारच्या दुकानातून ओवून आणतो. मी नको म्हटलं. तशीच येतेय तुझ्याकडे, गुरुवारपर्यंत मिळेल.

तुझी,
आई