दोन सह्यांच्या मधल्या दिवसांत जोडप्यांशी बोला

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्यात घटस्फोट वाढले, पोरं ऐकत नाहीत, कुटुंब मोडलं, ही चर्चा सध्या लग्नाच्या पंगतीपासून देवळाच्या चौकापर्यंत सगळीकडे ऐकू येते आणि मग लगेच दोन गट पडतात. एक म्हणतो हे सगळं पुरोगामी विचारांमुळे झालं, दुसरा म्हणतो जुन्या वळणाच्या घरात सुनांची घुसमट होते म्हणून संसार तुटतात. माझं आयुष्य शाळेत शिकवण्यात गेलं, पालकसभांना दोन्ही विचारांचे आईबाप भेटले, आणि दोन्हीकडची मुलं हसतखेळत वाढलेली पाहिली तशी भेदरलेलीसुद्धा पाहिली. त्यामुळे घराचं सुख आईबापाच्या पक्षावर ठरतं हे मला अजिबात पटत नाही. ते घरात एकमेकांशी कसं वागतात यावर ठरतं, म्हणून लग्नाच्या नोंदणीच्या पहिल्या आणि दुसऱ्या सहीच्या मधल्या दिवसांत जोडप्यांशी बोलावं असं मला सुचवायचंय.

परंपरावाले जास्त सुखी असतात असं सांगताना लोक अमेरिकेचे आकडे देतात. आकडे खोटे नाहीत. प्यू या संस्थेच्या 2006 च्या पाहणीत रिपब्लिकन म्हणजे तिकडच्या परंपरावाल्या पक्षाच्या 45 टक्के लोकांनी आपण खूप सुखी आहोत असं सांगितलं, पुरोगामी डेमोक्रॅट पक्षाच्या 30 टक्के. पण त्याच पाहणीत लग्न झालेल्यांत हे प्रमाण 43 टक्के आणि न झालेल्यांत 24, दर आठवड्याला चर्चला जाणारेही जास्त सुखी, म्हणजे विचारांचा वाटा किती आणि जोडीदाराचा, आजूबाजूच्या माणसांचा किती हे वेगळं काढणं सोपं नाही. आणि मुख्य म्हणजे विचारलं ते मोठ्यांना. त्या घरातल्या पोरांना कोणी विचारलं नाही.

मुलांचा विचार केला तो डायना बॉमरिंड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी, 1960 च्या दशकात, तिकडेच अमेरिकेत. नुसता धाक दाखवणारे पालक, काहीच न अडवणारे पालक, आणि नियम ठेवणारे पण ते का ठेवलेत हे मुलाला समजावणारे, त्याचंही ऐकून घेणारे पालक, असे प्रकार त्यांनी मांडले, आणि या तिसऱ्या घरातली मुलं जास्त आत्मविश्वासाची, जबाबदार निघाली. असे पालक मला सोवळं पाळणाऱ्या घरातही भेटलेत आणि मोर्चात घोषणा देणाऱ्या घरातही.

आता आपल्याकडचं बघा. पोर्तुगीज काळापासूनच्या आपल्या कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवराबायको दोघांची मालमत्तेत अर्धी अर्धी मालकी असते. घर जमीन विकायची तर दोघांची सही लागते. या समान नागरी कायद्याचं कौतुक दिल्लीपर्यंत होतं आणि मला त्याचा अभिमान आहे. पण सब-रजिस्ट्रारच्या ऑफिसात मी बघितलंय, जमिनीच्या विक्रीखताला बाई आली, तिने विचारलं हा कसला कागद, तर नवरा म्हणाला "तुका कळचें ना, हांगा सय कर", आणि तिने केली. बाजूला त्यांची आठवी-नववीतली मुलगी उभी होती, ती आईच्या हातातल्या पेनाकडे बघत होती आणि मग तिने मान दुसरीकडे वळवली. कायद्याने अर्धा वाटा दिला पण त्या घरात तो पोचलाच नाही, आणि घरात कोणाला विचारायचं कोणाला नाही हे त्या मुलीने तिथेच शिकून घेतलं. पुढे शाळेत आम्ही तिला समानतेचा धडा कितीही शिकवला तरी.

राजकारणावरून घरं फुटतात म्हणतात, पण 16 जानेवारी 1967 चा गोव्याचा जनमत कौल आठवा. महाराष्ट्रात विलीन व्हायचं होतं त्यांची खूण फूल, वेगळं राहायचं होतं त्यांची दोन पानं, आणि कित्येक घरांत एक भाऊ फुलाचा तर दुसरा दोन पानांचा. आमच्या घरात काकांचे आणि वडिलांचे आवाज चढायचे पण चतुर्थीला गणपतीच्या वर फळांफुलांची माटोळी दोघे मिळूनच बांधायचे, आणि आम्हा पोरांना कोणी एका बाजूला ओढलं नाही. आज फॅमिली ग्रुपवर एक पोस्ट पडते आणि सख्खे भाऊ ग्रुप सोडतात, चतुर्थीलाही एकमेकांकडे जात नाहीत, पोरांना चुलतभावाशी बोलू नको सांगतात. याचं मला फार वाईट वाटतं.

2021 मध्ये सरकारने लग्नाआधी समुपदेशन सक्तीचं करायचा विचार बोलून दाखवला होता. मला तो विचार आवडला, फक्त तिथे मुलीला "सांभाळून घे" एवढंच सांगणार असतील तर नको. आपल्याकडे सिव्हिल रजिस्ट्रारकडे पहिली सही आणि दुसरी सही यांच्या मधे साधारण पंधरा दिवस असतात, कोणाची हरकत असेल तर यावी म्हणून. त्या दिवसांत जोडप्याला एकदा बोलवावं, कोकणीत नाहीतर मराठीत, दोघांना एकत्र बसवून सांगावं की अर्धी मालकी म्हणजे काय, वेगळा करार करायचा तर तो आत्ताच, लग्नानंतर बदलता येत नाही, कोणत्याही कागदावर न वाचता सही करू नये. आणि दोघांना विचारावं की घरखर्च कोण बघणार, मूल झालं की रात्री कोण उठणार, सासू आणि सून यांचं पटलं नाही तर नवरा काय करणार, मूल खोटं बोललं तर मारणार की बसवून विचारणार. सासूसासऱ्यांनाही सोबत यायला सांगावं, यायचे ते येतील.

यासाठी नवा कायदा कशाला, तालुक्याच्या रजिस्ट्रार ऑफिसात एक खोली आणि एक शिकलेली समुपदेशक बाई किंवा बाप्या पुरे. आमच्यासारखे निवृत्त शिक्षक फुकट यायला तयार आहेत, मी तरी नक्की आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा