बाबा अलाउद्दीन खाँ आणि मैहरचा बँड : लेकीस पत्र

जबलपूर

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र पोहोचले. शाळेने बँडचा वर्ग तुझ्याकडे सोपवला हे वाचून आम्हां दोघांना समाधान वाटले. परंतु सतारीवर एवढी वर्षे घालवून शेवटी शाळेचा बँडच पदरात पडला, हे तुझे पुढचे वाक्य मला मुळीच रुचले नाही, म्हणून लगेच उत्तर लिहायला बसले आहे. ज्या मैहर घराण्याची सतार तू वाजवतेस, त्याचे मूळ पुरुष बाबा अलाउद्दीन खाँ हे स्वतः मुलांच्या बँडचे मास्तर होते. घराण्याचा इतिहास सांगताना त्यांचे शिष्य रविशंकर, मुलगा अली अकबर ही नावे इतक्या घाईने येतात की त्या बँडकडे कुणाचे लक्षच जात नाही.

बाबा पूर्व बंगालातील शिबपूरचे. गाण्यासाठी लहानपणीच घरातून पळालेल्या या मुलाने कलकत्त्यात नुलो गोपाल यांच्याकडे कंठसंगीताची तालीम घेतली, हाबू दत्त यांच्याकडे निरनिराळी वाद्ये शिकली, हजारी उस्तादांकडे सनई शिकली, आणि व्हायोलिन शिकले ते लोबो नावाच्या एका गोमंतकीय बँडमास्तरांकडे. पुढे रामपूरला बीनकार, म्हणजे रुद्रवीणा वाजवणारे, वझीर खाँ यांचे शिष्यत्व मिळावे म्हणून ते नवाबाच्या गाडीपुढे आडवे पडले होते, असे सांगतात. तेथील बीनकारांची विद्या हा त्यांच्या वादनाचा कणा खराच. पण लोबोंचे ऋण आपण विसरतो. एका घराण्याला, एका वाद्याला जन्मभर चिकटून राहण्याचा तो काळ होता, आणि बाबांनी मात्र नाटकमंडळीतल्या आणि बँडमधल्या वाद्यांनाही हलके मानले नाही.

मध्य भारतातील मैहर संस्थानाचे राजे ब्रिजनाथ सिंह यांच्या पदरी ते आल्यावर, 1918 च्या सुमारास, साथीच्या रोगात आईबाप गेलेली अनेक मुले संस्थानात उघडी पडली. त्या मुलामुलींना एकत्र करून बाबांनी वाद्ये शिकवली आणि त्यांतून मैहरचा बँड उभा राहिला. सतार, सरोद, व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट, हार्मोनियम, तबला, ढोलक अशी देशी आणि विलायती वाद्ये एका बैठकीत आणून त्यांतून राग वाजवायचा, हा खटाटोप किती अवघड आहे हे आता तुलाच कळेल. तुझ्या सतारीला मींड आहे, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येते, हार्मोनियमला नाही. क्लॅरिनेटवाल्या पोराचा दम मध्येच संपतो आणि तबल्याची लय त्याच्यासाठी थांबत नाही. अशा वेळी प्रत्येक वाद्याला जमेल ते नेमून द्यावे लागते, आणि त्यासाठी मास्तराचा हात त्या प्रत्येक वाद्यावर थोडाबहुत तरी फिरलेला असावा लागतो. बाबांचा तो फिरलेला होता. त्यांतून ते तंतुवाद्ये डाव्या हाताने वाजवीत; समोर बसलेल्या उजव्या हाताच्या मुलांना ते कसे समजत असेल, याचे मला नेहमी कुतूहल वाटत आले आहे.

स्वरलिपी वाचू न शकणाऱ्या मुलांकडून रचना ऐकवून, घोटवून, तोंडपाठ करून घेतल्या जात. आणि नलतरंग तर तुला ठाऊकच आहे: बंदुकीच्या नळ्या कमीअधिक लांबीच्या कापून, ओळीने मांडून, काठ्यांनी वाजवायचे ते वाद्य बाबांनी याच बँडसाठी बनवले. वाद्य नाही म्हणून त्यांचे अडले नाही. तुझ्या शाळेत झायलोफोन नाही अशी तक्रार तू केली आहेस, म्हणून मुद्दाम लिहिते.

त्यांचा संताप मात्र उचलू नकोस. रविशंकरांना त्यांनी एकदा मनगटात जोर नाही, जा बांगड्या घेऊन ये, असे सुनावले तेव्हा ते सामान बांधून निघाले होते. अली अकबर यांनी मला तर बाबा झाडाला बांधतात, असे सांगून त्यांची समजूत घातली. या गोष्टी लोक कौतुकाने सांगतात, मला त्यांत कौतुक दिसत नाही. त्याच घरात धाकट्या मुलीला, अन्नपूर्णादेवींना, आधी शिकवायचेच नाही असे ठरले होते, कारण थोरल्या मुलीला सासरी गाण्यापायी त्रास झाला होता. पण भावाची चूक ही लहानगी दुरुस्त करते हे कानांवर पडले आणि बाबांनी आपला निर्णय फिरवला. हा त्यांचा मोठेपणा मला बँडच्या गोष्टीइतकाच मोलाचा वाटतो.

अली अकबर घरचे, रविशंकर 1938 साली मैहरला आले ते युरोपच्या रंगमंचावर नाचून आलेले, आपले वाईचे व्हायोलिनवादक वि. गो. जोग बाबांकडे आले तेव्हा आधीच तयार झालेले. ही सगळी मंडळी विद्या मागायला आली होती. बँडमधली मुले संगीतासाठी आलीच नव्हती, त्यांना निवारा हवा होता; आणि मास्तराची खरी कसोटी मला तेथे दिसते. तुझ्या वर्गातही निम्मी मुले गणिताचा तास चुकतो म्हणून येत असतील. येऊ देत.

स्वतःच्या रियाजाला वेळ उरत नाही, ही तुझी अडचण मी हसण्यावारी नेत नाही. परंतु बँड चालवीत असतानाच बाबांनी हेमंत आणि मदनमंजरी यांसारखे राग बांधले, 1935 साली उदय शंकर यांच्या नृत्यमंडळीबरोबर युरोप पाहिला, 1955 साली मैहरला संगीत महाविद्यालय काढले. त्यांना 1971 साली पद्मविभूषण मिळाले आणि पुढच्या वर्षी ते गेले. त्यांच्यामागे तो बँड टिकला. मैहर वाद्यवृंद या नावाने आजही तो वाजतो.

दिवाळीच्या सुट्टीत घरी आलीस की आपण दोघी कटनीवरून गाडीने मैहरला जाऊ. शारदामातेचे दर्शन होईल, आणि वाद्यवृंदातल्या मंडळींना भेटून सतार व हार्मोनियम एकत्र बसवताना ते सूर कसा जुळवतात, हे तुला थेट विचारता येईल. तुझी सुट्टी कधी लागते ते कळव, म्हणजे तिकिटे काढून ठेवते.

तुझी,
आई