मेळा उठायच्या आत गाडी द्या, नाहीतर कराचा फरक भरा

प्रति,
मा. ग्राहक सेवा प्रमुख,
प्रवासी वाहन विभाग

विषय : ग्वाल्हेर व्यापार मेळ्यात बुक केलेल्या सेडानचा चासी नंबर व डिलिव्हरीची तारीख न मिळाल्याबाबत

महोदय,

तुमच्या हेल्पलाइनवर भाषा निवडताना मराठीचाही पर्याय येतो, म्हणून पत्र मराठीत लिहितो आहे. तो पर्याय निवडूनही मराठी बोलणारं कुणी अजून फोनवर आलेलं नाही, ते असो.

जानेवारीत इथल्या मेळ्यात, तुमच्या डीलरच्या स्टॉलवर, मी दीड लिटर टर्बो पेट्रोलची सेडान बुक केली. मॅन्युअल गिअर, लाल रंग. पावतीची प्रत सोबत आहे. तिच्यात डिलिव्हरीच्या रकान्यात सेल्समनने बॉलपेनने 'मेले में ही' असं लिहून पुढे सही केली आहे. ते मी मुद्दाम लिहून घेतलं होतं. का, ते ग्वाल्हेरबाहेरच्या माणसाला सांगावं लागेल.

१९०५ साली ग्वाल्हेरच्या माधवराव शिंदे महाराजांनी सुरू केलेल्या या मेळ्यात आता सगळ्यात मोठी उलाढाल गाड्यांची होते, कारण मेळ्यात विकलेल्या गाडीवर राज्य सरकार मोटार वाहन करात ५० टक्के सूट देतं. अट अशी की विक्री मेळ्यातून व्हायला हवी आणि कायम नोंदणी ग्वाल्हेर आर.टी.ओ.त, म्हणजे एमपी ०७ नंबर. म्हणून ग्वाल्हेरच्या लष्कर-मुरार भागांतली माणसं डिसेंबरात शोरूममध्ये नुसती गाडी बघून येतात आणि पैसे मेळ्यासाठी राखून ठेवतात. तुमच्या डीलरला हे पक्कं ठाऊक आहे. त्याच्या फलकावर 'आधा टैक्स' ही अक्षरं गाडीच्या नावापेक्षा मोठी होती. माझ्या कोटेशनप्रमाणे ही सूट पाऊण लाखाच्या घरात जाते. मेळा उठायच्या आत बिल आणि नोंदणी झाली नाही तर ती गेली.

आता मेळा उठायला आलाय आणि गाडीचा पत्ता नाही.

पावती फाडणारा मुलगा नोकरी सोडून गेला. त्याच्या जागी आलेला दर वेळी व्हॉट्सअ‍ॅपवर एकच उत्तर पाठवतो : 'सर, गाड़ी ट्रांजिट में है।' देशातल्या कुठल्याही कारखान्यातून निघालेला ट्रेलर आठवड्या-दहा दिवसांत ग्वाल्हेरला लागतो. ही गाडी महिनाभर वाटेतच आहे. बरं, वाटेत आहे असं धरू. मग तिचा चासी नंबर सांगा. तो कारखान्यातच ठोकला जातो, आणि कंपनीने डीलरच्या नावाने फाडलेल्या बिलावर तो असतोच. नंबर मागितला की डीलर म्हणतो, 'कंपनी से अलॉट होगा.' तुमच्या हेल्पलाइनवर विचारलं तर 'डीलरशी संपर्क करा.' ज्या गाडीला अजून नंबरच मिळालेला नाही, ती ट्रकवर चढली कशी? या प्रश्नाचं उत्तर मला लेखी हवं आहे.

माझा स्वतःचा अंदाज असा की गाडी अजून बनलेलीच नाही. सगळा गाव उंच एसयूव्हीच्या मागे लागलेला असताना मॅन्युअल सेडान मागणारे आम्ही मोजकेच, तेव्हा अशा ऑर्डरी साठल्यावरच कारखाना त्या काढत असणार. त्याबद्दल माझी तक्रार नाही. थांबायलाही मी तयार आहे, कारण मला हीच गाडी हवी आहे. मेहुणे अजून 'स्पीडब्रेकरवर पोट घासेल' म्हणून चिडवतात तरी. पण हे बुकिंगच्या दिवशी सांगायला हवं होतं. स्टॉलवर लाल मॅन्युअल गाडी उभी करायची, दारं उघडून पोरासोरांना स्टिअरिंगमागे बसवून फोटो काढू द्यायचे, धूळ बसली की फडकं मारायचं, आणि तशी गाडी देता येणार नाही हे माहीत असून पैसे घ्यायचे, याला काय म्हणायचं?

उपाय म्हणून डीलरने पांढरी ऑटोमॅटिक पुढे केली. 'आज पैसे भरा, मेळ्यातच नंबर पडेल.' किंमत लाखाने जास्त. दार उघडून दाराच्या खांबावरची उत्पादनाची पट्टी वाचली तर ती गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात बनलेली. कुणी तरी न उचललेली गाडी माझ्या गळ्यात मारायचा हा प्रकार आहे. ते मला मान्य नाही.

वर आता ते म्हणतात, पूर्ण रक्कम भरा, मग गाडी अलॉट होईल. मुहूर्त न ठरवता मंगल कार्यालयाचे सगळे पैसे भरण्यासारखं हे झालं. बँकेने कर्ज मंजूर केलं आहे, पण त्या पत्राला मुदत आहे, आणि रक्कम डीलरकडे गेली की माझा हप्ता सुरू होणार. मग गाडी दारात असो नाहीतर 'ट्रांजिट'मध्ये. पावतीच्या मागे बारीक अक्षरांत 'डिलिव्हरीच्या दिवशीची किंमत लागू' असं छापलं आहे तेही मी वाचलं आहे. उशीर तुमच्याकडून झालेला असताना वाढीव किंमत मी देणार नाही.

तेव्हा सात दिवसांच्या आत मला चासी नंबर, उत्पादनाचा महिना आणि डिलिव्हरीची तारीख कंपनीच्या लेटरहेडवर कळवा. गाडी मेळ्याच्या मुदतीत नोंदवता येणार नसेल तर बुकिंगच्या दिवशीची किंमत कायम ठेवून कराचा फरक कंपनीने किंवा डीलरने सोसावा. कोणी किती, ते तुम्ही आपसात ठरवा. हेही जमत नसेल तर बुकिंगची रक्कम व्याजासह परत करा, रद्द करण्याचं शुल्क न कापता.

उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याप्रमाणे मी राहतो तिथेच दावा लावता येतो, त्यामुळे तारखांना तुमच्या माणसाला ग्वाल्हेरला यावं लागेल.

आपला,
बुकिंगधारक ग्राहक
लष्कर, ग्वाल्हेर

सोबत : बुकिंगची पावती (दोन्ही बाजू), कोटेशन, व्हॉट्सअ‍ॅप संदेशांच्या प्रती, बँकेचं मंजुरीपत्र
प्रत : डीलर, ग्वाल्हेर