दारूच्या आधी तो कसा होता, हे कोणी विचारावे?

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिनाच्या फेऱ्या निघतात आणि १० ऑक्टोबरला जागतिक मानसिक आरोग्य दिनाची व्याख्याने होतात. शिक्षिका म्हणून या दोन्ही दिवशी मी मुलांकडून घोषणा म्हणवून घेतल्या आहेत, पण एका दिवसाचा दुसऱ्याशी काही संबंध असेल, असे कधी मनात आले नाही. तो संबंध माझ्याच घरात वीस-बावीस वर्षे नांदत होता.

माझा धाकटा भाऊ लहानपणापासून बुजरा. पाहुणे आले की माळ्यावर जाऊन बसे. वर्गात उत्तर येत असूनही उभा राहत नसे. आम्ही त्याला लाजाळू म्हणत असू आणि विषय तिथेच संपत असे. पुढे तो एका पतसंस्थेत कारकून झाला. काउंटरवर खातेदार आला की तळहातांना इतका घाम सुटे की पावतीपुस्तक ओले होई, हे त्याने मला फार उशिरा सांगितले. एका सहकाऱ्याच्या हळदीच्या रात्री त्याने पहिल्यांदा दारू घेतली आणि पहिल्यांदाच चार माणसांत मोकळेपणाने बोलला. "ताई, बाकीची माणसं रोज अशी जगतात, हे मला त्या रात्री कळलं," हे त्याचे शब्द माझ्या मनातून जात नाहीत. आम्हाला मात्र दिसली ती फक्त दारू.

त्याच्या डॉक्टरांनी नंतर समजावले ते मला समजले तसे लिहिते. दारू मेंदूला शांत करणाऱ्या यंत्रणेचा जोर वाढवते आणि उत्तेजित करणारी यंत्रणा दाबून ठेवते. रोज असे घडू लागले की मेंदू तोल सावरण्यासाठी उलट दिशेने जोर लावतो. त्यामुळे रात्रीची दारू उतरली की सकाळी धडधड, कापरे आणि भीती मूळच्यापेक्षा जास्त होऊन परत येते, आणि ती घालवायला पुन्हा दारूच हाताशी असते. झोपेचेही तसेच. डोळा लवकर लागतो, पण उत्तररात्री झोप मोडते. म्हणजे ज्या भीतीवर माझा भाऊ औषध म्हणून पीत होता, तीच भीती ते औषध रोज नव्याने तयार करत होते. अशा माणसाला 'मनावर ताबा ठेव' असे बजावण्याने काय साधणार? आम्ही तेच बजावत राहिलो, याचे मला आज फार वाईट वाटते.

उपचारांना गेलो तेव्हा दोन दारे दिसली आणि दोन्ही अर्धीच उघडी होती. मानसोपचाराच्या बाह्यरुग्ण विभागात सांगण्यात आले, "आधी दारू सोडवून आणा, मग बघू." व्यसनमुक्ती केंद्रात त्याच्या चिंतेवरच्या गोळ्या काढून घेण्यात आल्या, कारण तिथल्या लोकांच्या मते गोळी हीसुद्धा नशाच. ही शंका अगदीच निराधार नाही. चिठ्ठीशिवाय मिळवलेल्या अल्प्राझोलामसारख्या शामक गोळ्यांची सवय खरोखर लागते. पण नैराश्यावरच्या आणि दीर्घकाळच्या चिंतेवरच्या बहुतेक औषधांची तशी तलफ लागत नाही. ती फक्त डॉक्टरांना न विचारता एकदम थांबवायची नसतात. गोळ्या थांबल्या, केंद्रातून बाहेर पडला आणि दीड महिन्यात 'स्लिप' झाली, म्हणजे तो पुन्हा प्यायला. दोष अर्थातच त्याच्या निश्चयाला दिला गेला.

तिसऱ्यांदा भरती करताना एका डॉक्टरांनी वहिनीला बाजूला बसवून मला विचारले, "दारूच्या आधी हा कसा होता?" माळ्याची गोष्ट मी तेव्हा प्रथमच कोणाला तरी सांगितली. पिण्यामुळे आलेली उदासी पुष्कळदा दारू थांबल्यावर दोन ते चार आठवड्यांत ओसरते, म्हणून काही वेळा डॉक्टर थांबून पाहतात, हे योग्यच आहे. पण जी भीती दारूच्या दहा वर्षे आधीपासून आहे, ती दारू थांबली म्हणून जाणार नाही. तिच्यावर त्याच वेळी उपचार हवेत, आणि हा फरक आई, बहीण किंवा शाळासोबती यांना विचारल्याशिवाय कळत नाही.

ही फाळणी कागदावर असायला नको होती. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने दारू व अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था मानसिक आजाराच्या व्याख्येतच घेतल्या आहेत. आपल्या राज्यात तर व्यसनमुक्तीचे मोठे काम मनोरुग्णालयाच्या अंगणातच रुजले. डॉ. अनिता अवचट यांनी १९८६ मध्ये मुक्तांगण सुरू केले ते येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात. तरीही केंद्र सरकारमध्ये व्यसनमुक्ती केंद्रांची योजना सामाजिक न्याय मंत्रालयाकडे आणि मानसिक आरोग्याचा कार्यक्रम आरोग्य मंत्रालयाकडे आहे. सामाजिक न्याय मंत्रालयासाठी 'एम्स'ने केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कसलेही उपचार मिळतात. त्या एकालाही दोन दारांमध्ये फिरवायचे का?

म्हणून माझी मागणी एवढीच आहे की प्रत्येक व्यसनमुक्ती केंद्रात मानसोपचारतज्ज्ञाची तपासणी भरतीच्या पहिल्या आठवड्यातच व्हावी, व्यसनापूर्वीचा इतिहास घरच्यांकडून लिहून घ्यावा, आणि जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागाने 'आधी सोडवून आणा' म्हणून कोणाला परत पाठवू नये. घरच्यांनीही माणसाला खोलीत कोंडून दारू तोडायला लावू नये. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याची दारू अचानक बंद झाली तर फिट येऊ शकते, दोन-चार दिवसांत भास होऊन जिवावर बेतू शकते, आणि त्या भासांना अनेक घरांत बाहेरची बाधा समजले जाते.

हे पत्र भावाला वाचून दाखवूनच पाठवत आहे. नाव मात्र छापू नये, ही विनंती. आणखी एक विनंती आपल्याला आहे. मानसिक आरोग्यासाठी 'टेली मानस' या सरकारी हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे आणि व्यसनमुक्तीसाठी १४४४६. व्यसन किंवा आत्महत्या यांच्या बातमीखाली आपण हे दोन्ही क्रमांक नेहमी एकत्र छापावेत.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका, सांगली जिल्हा