ब्रेड मेकर तिकडेच घ्या

प्रिय आई-बाबा,

साष्टांग नमस्कार. काल फोनवर सगळं बोलायचं राहिलं म्हणून लिहितेय. बाबा, ब्रेड मेकर मी इथून न्यू जर्सीहून आणत नाहीये, इथलं मशीन १२० व्होल्टवर चालतं, आपल्याकडे २३०, म्हणजे सोबत ट्रान्सफॉर्मरचं धूड आलं आणि बिघडलं तर अकोल्यात दुरुस्त कोण करून देणार? तिकडचंच घ्या, वॉरंटीवालं.

एक किलोचा पाव होणारं मोठं मशीन नको, तुम्ही दोघंच तर आहात. अर्धा किलोचं सेटिंग आहे का ते विचारा. आणि लाईट गेली तर परत आल्यावर ते पुढे चालू होतं का, किती मिनिटांपर्यंत, हेही. पण सगळ्यात आधी, दुकानातच आईला आतलं भांडं काढून-लावून बघू द्या. काही भांडी घट्ट बसतात, पिळून काढावी लागतात, आणि आई तुझं मनगट अजून दुखतंय, कणीक मळायला लागू नये म्हणूनच तर हे घेतोय ना आपण.

मळणं सुरू झालं की दहा मिनिटांनी झाकण उघडून बघ, तेव्हा उघडलेलं चालतं. गोळा भांड्याच्या कडा सोडून गुळगुळीत फिरायला हवा, बोटाला जरासा चिकटेल इतपत. कोरडा वाटला तर चमचा चमचा पाणी घाल, आपली चक्कीची कणीक मैद्यापेक्षा जास्त पाणी पिते. सुरुवातीला अर्धा मैदा घे, नुसत्या कणकेचा पाव कमी फुगतो आणि तू उगाच खट्टू होशील. मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी अजिबात वापरू नकोस, ते इतकं तापलेलं असतं की पीठ भराभर फुगतं आणि भाजताना पाव मधेच बसतो. माठातलं घे.

बाबांच्या बीपीसाठी मीठ कमी कर, पण पूर्ण बंद नको, मिठानेच यीस्ट आवरतं. ३०० ग्रॅम पिठाला अर्धा छोटा चमचा पुरे. टाकताना यीस्ट एका कोपऱ्यात, मीठ दुसऱ्या.

पाव निघाल्यावर भांड्यातलं मळायचं पातं कधीकधी पावाच्या तळाशी रुतून बसतं, ते लाकडी उलथन्याच्या टोकाने काढा, सुरी लावू नका, कोटिंग जातं. आणि बाबा, वास कितीही सुटला तरी तासभर कापायचा नाही, आत ओला गोळा होतो.

पहिला पाव मधोमध कापून फोटो पाठवा, आतली जाळी बघितली की पाणी किती कमी-जास्त करायचं ते मी सांगते.

तुमची,
सोनू